ऑफिसातल्या प्रिंटरची सुरक्षा नेमकी कोणाकडे असते?

रावपुरावाली

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात व्यवस्थापनाचं काम बघते. आमच्याकडे भाड्यानं घेतलेलं एक मोठं मशीन आहे (प्रिंट, स्कॅन, कॉपी सगळं त्यातच) आणि दोन लहान लेझर प्रिंटर.

आमच्या एका क्लायंटची मूळ कंपनी जर्मनीतली. त्यांनी आमची कागदपत्रं कशी सांभाळता म्हणून मोठी प्रश्नावली पाठवली आहे. अँटिव्हायरस, बॅकअप, पासवर्ड हे भराभर लिहून झालं. मग हे तीन प्रश्न आले: नेटवर्कवरच्या प्रिंटरच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाकडे आहे? फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) शेवटचं कधी अपडेट केलं? मशीन परत करताना त्यात साठलेला मजकूर कसा पुसता?

सर म्हणाले, मशीनवाल्याला विचार. मशीनवाला म्हणतो, आम्ही टोनर, ड्रम आणि अडकलेला कागद बघतो. कॉम्प्युटरवाला म्हणतो, माझ्या एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) पीसी आहेत, प्रिंटर नाही. थोडक्यात, जबाबदारी कोणाचीच नाही. प्रश्नावलीत खोटं लिहायचं नाही, हे मी सरांना सांगून टाकलंय. तुमच्याकडे हे काम कोण करतं आणि नक्की काय काय करायला हवं?

सडेतोड

ताई, तुमच्या ऑफिसातून चोरण्यासारखं असतं तरी काय? 'लागू नाही' लिहा आणि पाठवून द्या. या परदेशी कंपन्यांच्या प्रश्नावल्या कोणी वाचत नाही.

चाफेकळी

सडेतोड, सीएंच्या ऑफिसात चोरण्यासारखं काय असतं?? पॅन, आधारच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंटं, लोकांचे पगार, घरांचे दस्त! माझ्या आईवडिलांची सगळी कुंडली त्यांच्या सीएंच्या मशीनमधून गेलेली आहे.

मकरपुराकर

धागा काढल्याबद्दल आभार, हा विषय फार दिवस डोक्यात होता. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमचं मोठं मशीन हा एक पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, बहुधा हार्डडिस्क आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि स्वतःचा एक छोटा वेब सर्व्हरही आहे. प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) ब्राउझरमध्ये टाकून बघा, त्याचं पान उघडेल. ऑफिसातला कोणीही ते उघडू शकतो. पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल तर आत जाऊन सगळं बदलूही शकतो.

दुसरं, बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर (नेटवर्कवरून आत यायच्या दारावर) कान लावून बसलेले असतात. तिथे जे येईल ते छापायचं. कोण पाठवतंय, हे विचारायची पद्धतच नाही. ऑफिसच्या आत हे एक वेळ चालतं. पण राउटरवर कोणी पोर्ट उघडून ठेवला असेल, किंवा प्रिंटरला थेट पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) दिलेला असेल, तर जगातलं कोणीही त्याला कागद छापायला लावू शकतं. २०१८ च्या नोव्हेंबरात एकानं असेच उघडे प्रिंटर शोधून प्यूडीपाय या यूट्यूबरची जाहिरात छापवली. पन्नास हजार प्रिंटरवर छापल्याचा त्याचा दावा होता. २०२० मध्ये सायबरन्यूज या सायबरसुरक्षेच्या संकेतस्थळानं लोकांना जागं करायला हाच प्रयोग केला: ५०,००० प्रिंटर निवडले आणि २७,९४४ वर सुरक्षेच्या सूचनांचा कागद छापून आला. निम्म्याहून जास्त!

त्यामुळे 'आमच्याकडे चोरायला काय आहे' हा प्रश्नच गैरलागू आहे. शोधणारा माणूस ऑफिसची पाटी वाचत नाही. त्याचा प्रोग्रॅम सगळे पत्ते चाळत जातो आणि उघडं दिसेल त्याची नोंद करतो.

सडेतोड

जाहिरात छापून आली तर कागद वाया गेला. यापलीकडे काय नुकसान?

मकरपुराकर

कागद ही सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरी भीती प्रिंटरमधून पुढे आत शिरण्याची. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की स्ट्रॉन्शियम नावाच्या रशियन हल्लेखोर गटानं काही संस्थांमध्ये इंटरनेट फोन, ऑफिस प्रिंटर आणि व्हिडिओ डिकोडर यांच्यातून प्रवेश मिळवला. दोन ठिकाणी कारखान्याचाच पासवर्ड होता, एके ठिकाणी अपडेट केलेलं नव्हतं. एकदा आत पाय ठेवला की तिथून बाकीच्या मशिनांचा शोध सुरू. तुमचा अँटिव्हायरस पीसीवर आहे. प्रिंटरवर काय चाललंय, ते त्याला कळतच नाही.

इंदूरी_पोहे

आमच्या ऑफिसातला प्रिंटर इतका सुरक्षित आहे की आम्हालाच प्रिंट देत नाही.

रावपुरावाली

:) इंदूरी_पोहे, तो आमच्याकडे पाठवून द्या, सोबत पोहे पण.

मकरपुराकर, पान उघडून बघितलं. कोणीही न विचारता थेट आत गेले! ॲड्रेस बुकमध्ये सगळ्या क्लायंटचे ईमेल आहेत. 'स्कॅन टू फोल्डर'मध्ये सर्व्हरचं नाव आणि युजर म्हणून 'ॲडमिनिस्ट्रेटर' दिसतंय, पासवर्डच्या जागी ठिपके. ठिपके आहेत म्हणजे तो सुरक्षित आहे ना?

टोनरबंधू

ताई, नाही!! तो आजच बदला.

मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे, मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो. स्कॅन फोल्डरमध्ये जात नसलं की गिऱ्हाईक घाई करतं, मग मुलं सरळ सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड मागून घेतात आणि टाकून मोकळी होतात. स्कॅन चालू झालं, सही घेतली, निघाले. बडोद्यातल्या निम्म्या मशिनांत असं असेल असं मला वाटतं (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही).

ठिपक्यांचा उपयोग नाही. मशीनच्या पानात शिरलेला माणूस सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःच्या लॅपटॉपचा टाकतो आणि चाचणीचं बटण दाबतो. मशीन बिचारं साठवलेला पासवर्ड त्या लॅपटॉपला देऊन बसतं. रॅपिड७ या सायबरसुरक्षेच्या कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये झेरॉक्सच्या व्हर्सालिंक मशिनांत हाच प्रकार दाखवला होता आणि झेरॉक्सनं दुरुस्ती काढली. पण दुरुस्ती बसवणार कोण? आम्हाला बोलावतात ते कागद अडकल्यावर.

उपाय सोपा आहे. सर्व्हरवर 'स्कॅन' नावाचा वेगळा युजर करायचा, त्याला फक्त स्कॅनच्या एकाच फोल्डरमध्ये फाइल टाकायची मुभा, बाकी कुठेच नाही. तो पासवर्ड फुटला तरी नुकसान त्या फोल्डरपुरतंच. आणि फोल्डर रोज संध्याकाळी रिकामा करा. वर्षानुवर्षांचे स्कॅन तिथे साठलेले मी बघितलेत.

चाफेकळी

टोनरबंधू, वाखु (वाचनखूण) साठवली. इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.

निवृत्त_बँकवाला

प्रिंटर म्हणजे क्षुल्लक वस्तू समजणाऱ्यांनी बांगलादेश बँकेची हकीकत जरूर वाचावी. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ती फार जवळची वाटते.

फेब्रुवारी २०१६. ढाक्याच्या त्या केंद्रीय बँकेत स्विफ्टच्या (देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशजाळ्याच्या) व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. शुक्रवारी, ५ तारखेला सकाळी तो बंद आढळला. कर्मचाऱ्यांना वाटलं, प्रिंटर आहे, बिघडला असेल. कुठल्याही ऑफिसात असंच वाटलं असतं. प्रत्यक्षात चोरांच्या प्रोग्रॅमनं तो मुद्दाम गप्प केला होता, म्हणजे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे गेलेल्या पैशांच्या आदेशांचे कागद कोणाच्या हाती पडू नयेत. त्यांनी वारही नेमके निवडले. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची. एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरचे आदेश गेले होते. बहुतेक अडवले गेले, पण ८.१ कोटी डॉलर मनिलाच्या बँकेत पोहोचले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी परत मिळाले, कारण नावात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेला शंका आली.

आमच्या वेळी दिवसअखेरीचे कागद जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. तरुणांना तो जाच वाटायचा. पण छापील कागद हा वेगळा साक्षीदार असतो, आणि तो गप्प झाला तर का झाला हे त्याच दिवशी विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सडेतोड

काका, हकीकत भारी आहे. मी माझं म्हणणं नीट मांडतो, कारण मला विषय झटकून टाकायचा नाही.

लहान ऑफिसचं बजेट ठरलेलं असतं. रावपुऱ्यातल्या ऑफिसला रशियन गट नाही, साधा खोटा ईमेल बुडवतो. 'स्कॅन केलेले कागद जोडले आहेत' असा मेल येतो, पाठवणारा आपलाच स्कॅनर वाटतो, माणूस उघडतो आणि संपलं. आधी माणसांना हे शिकवा, आधी बॅकअप घ्या. वेगळं नेटवर्क वगैरेवर पैसे त्यानंतर.

मकरपुराकर

यातल्या बॅकअपच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही दिलेलं उदाहरणच प्रिंटरचं आहे! स्कॅनच्या नावाचा मेल खपतो, कारण ऑफिसात खरे स्कॅनही मेलनंच येतात. स्कॅन मेलवर पाठवणं बंद करून फक्त फोल्डरमध्ये टाकायचं ठरवा आणि सगळ्यांना सांगा: आपलं मशीन मेल करत नाही, तसा मेल आला तर तो खोटा. खर्च शून्य.

मी सांगतोय त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पासवर्ड बदलणं, टेलनेट आणि एफटीपी (मशीनमध्ये शिरायच्या आणि फाइल पाठवायच्या जुन्या, असुरक्षित पद्धती) बंद करणं, एसएनएमपीचा (मशीनची माहिती नेटवर्कवरून वाचायच्या पद्धतीचा) 'पब्लिक' हा पासवर्डसारखा शब्द बदलणं, वापरत नसाल तर वाय-फाय डायरेक्ट (राउटरशिवाय थेट प्रिंटरला जोडणं) बंद करणं, फर्मवेअर चढवणं. एक दुपार पुरते. वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवर प्रिंटरपुरतं वेगळं नेटवर्क) ऑफिसच्या स्विचमध्ये जमत असेल तर करा, नसेल तर निदान राउटरवर प्रिंटरला बाहेर इंटरनेटवर जायला मनाई करा.

टोनरबंधू

भाऊ, इथे एक अडचण आहे. भाड्याच्या मशीनचा मीटर (किती पानं छापली तो आकडा) आमची कंपनी इंटरनेटवरून वाचते आणि त्यावरून बिल होतं. मनाई केली की रीडिंग बंद, मग ऑफिसातून आम्हाला फोन की बिल अंदाजे का लावलं. यावरूनच भांडणं होतात.

मकरपुराकर

रास्त मुद्दा. मग मीटर वाचणाऱ्या सर्व्हरचा पत्ता कंपनीकडून लेखी घ्यायचा आणि तेवढ्याच एका पत्त्याला परवानगी द्यायची. नाहीतर महिन्याच्या शेवटी काउंटरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर. आमच्याकडे फोटोच चालतो.

झेरॉक्सवाला_फतेगंज

आमचं दुकान युनिव्हर्सिटीच्या मुलांवर चालतं. सगळे व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात: आधार, मार्कशीट, पासपोर्ट. रात्री दुकान बंद करताना मी सगळ्या चॅट आणि डाउनलोडचा फोल्डर पुसतो. सगळी दुकानं पुसतात असं नाही, म्हणून गिऱ्हाइकांनीच विचारावं, राग मानणार नाही आम्ही.

दोन विनंत्या. आधारची प्रत लागणार असेल आणि चालत असेल तर मास्क्ड आधार आणा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि आमच्या पीसीवर स्वतःचं व्हॉट्सॲप किंवा जीमेल उघडलंत तर जाताना लॉगआउट करा. पेनड्राइव्हचं तर बोलायलाच नको, सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले पेनड्राइव्ह रोज येतात.

वारसिया_रोड

'प्रिंटर ऑफलाइन' येतंय म्हणून माझ्या काकांनी इंटरनेटवर हेल्पलाइन शोधली होती. सर्वांत वर जो नंबर आला तो भामट्यांचा निघाला. समोरच्यानं स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं आणि 'रजिस्ट्रेशन'चे दहा रुपये भरायला सांगितले. काकूंनी तिथेच फोन हिसकावून घेतला म्हणून वाचले. नंबर नेहमी मशीनसोबतच्या पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. पैसे गेलेच तर तातडीनं १९३० ला फोन.

चाफेकळी

काकूंना माझा नमस्कार सांगा!

परदेशस्थ_बडोदेकर

परत करायच्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही, तोही प्रश्न मूळ पोस्टमध्ये आहे. २०१० मध्ये इथे अमेरिकेत सीबीएस वाहिनीनं न्यू जर्सीच्या एका गोदामातून चार जुने कॉपिअर विकत घेतले आणि त्यांच्या हार्डडिस्क उघडल्या. एकात बफेलोच्या पोलिसांच्या लैंगिक गुन्हे विभागाचे कागद, दुसऱ्यात ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेच्या रुग्णांची माहिती. ॲफिनिटीनं मशीनं भाड्यानं घेतलेली होती आणि डिस्क न पुसता परत केली होती. २०१३ मध्ये त्यांना १२,१५,७८० डॉलर भरावे लागले.

वारसिया_रोड

बाप रे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घुसलं तेव्हा किती ऑफिसांची मशीनं बुडाली. सगळी तशीच भंगारात गेली. पाण्यानं डिस्क बाद होत असेल ना?

मकरपुराकर

मशीन बाद होतं, डिस्कवरचा मजकूर जाईलच असं नाही. भिजलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे लोक असतात. भंगारात द्यायच्या आधी डिस्क काढून ड्रिलनं भोकं पाडा. लहान प्रिंटरमध्ये डिस्क नसली तरी वाय-फायचा पासवर्ड आणि ॲड्रेस बुक असतं, म्हणून देण्याआधी फॅक्टरी रीसेट.

निवृत्त_बँकवाला

अवांतर: स्कॅनर आकडे बदलतो असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का? सीएंच्या ऑफिसात तर हे भयंकरच.

परदेशस्थ_बडोदेकर

खरं आहे काका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवलं होतं. बांधकामाचा नकाशा झेरॉक्सच्या मशीनवर स्कॅन केला तर खोल्यांची क्षेत्रफळं बदलून आली, दुसऱ्या कागदांत ६ चे ८ झाले. फाइल लहान करायला मशीन सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून परत परत वापरत होतं. झेरॉक्सनं नंतर सुधारणा दिली.

सडेतोड

हा सायबर हल्ला नाही, निव्वळ बग आहे. धागा भरकटतोय.

निवृत्त_बँकवाला

बग असो वा हल्ला, ताळेबंदातला आकडा बदलला तर माझ्या लेखी दोन्ही सारखेच. आणि तोही फर्मवेअर अपडेटनंच बरा झाला ना?

सडेतोड

हं, हे मान्य.

मकरपुराकर

अपडेटचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

एक, २०२१ चं प्रिंटनाइटमेअर. हा दोष प्रिंटरमध्ये नव्हता, विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (छापायच्या फाइली रांगेत लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) होता. साधा युजर त्यातून पूर्ण ताबा मिळवू शकत होता. मायक्रोसॉफ्टला जुलैत ठरल्या वेळेआधीच दुरुस्ती सोडावी लागली. ज्या सर्व्हरवरून कधी प्रिंट देत नाही तिथे स्पूलर सर्व्हिस बंद ठेवा, डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) तर नक्कीच.

दोन, जून २०२५ मध्ये रॅपिड७ नं ब्रदरच्या ६८९ मॉडेलांतला दोष जाहीर केला. इतर चार कंपन्यांची काही मॉडेलं धरून एकूण ७४८. कारखान्यातला ॲडमिन पासवर्ड मशीनच्या सीरियल नंबरवरून तयार होतो, म्हणजे सीरियल नंबर कळला की पासवर्ड कळला. आधी विकलेल्या मशिनांत हे फर्मवेअरनं पूर्ण दुरुस्त होत नाही. पासवर्ड स्वतः बदलणं हाच इलाज. 'पासवर्ड मशीनच्या मागे स्टिकरवर आहे, प्रत्येकाचा वेगळा आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

रावपुरावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी आमचा कॉम्प्युटरवाला आणि मी एकत्र बसलो. तिन्ही प्रिंटरचे पासवर्ड बदलले आणि बंद पाकिटात सरांच्या तिजोरीत ठेवले. 'स्कॅन'चा वेगळा युजर झाला, सर्व्हरचा ॲडमिन पासवर्डही बदलला. टेलनेट, एफटीपी बंद. दोन्ही लहान प्रिंटरचं फर्मवेअर चढवलं, मोठ्याचं मशीनवाला शुक्रवारी करतो म्हणालाय. जबाबदारीच्या रकान्यात सरांच्या परवानगीनं माझं नाव लिहिलं आहे. दर तीन महिन्यांनी मी तपासणार आणि तारखेसह वहीत नोंद ठेवणार.

उरलाय तिसरा प्रश्न. भाड्याच्या करारात डिस्कबद्दल एक अक्षर नाही आणि करार मार्चमध्ये संपतोय. काय लिहून घेऊ?

टोनरबंधू

साधंच लिहून घ्या: 'यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर नेताना, बदलताना किंवा परत घेताना त्यातील सर्व साठवण ग्राहकाच्या प्रतिनिधीसमोर पुसली जाईल आणि तसे सही-शिक्क्याचे पत्र दिले जाईल. ते शक्य नसल्यास डिस्क काढून ग्राहकाच्या ताब्यात दिली जाईल.' 'दुरुस्तीसाठी बाहेर नेताना' हे शब्द सोडू नका, बोर्ड गेला की पूर्ण मशीन वर्कशॉपला येतं आणि डिस्कही सोबत येते.

शुक्रवारी मुलगा आला की त्यालाच विचारा, डिस्क एन्क्रिप्शन आणि काम झाल्यावर आपोआप पुसण्याची सोय तुमच्या मॉडेलला आहे का. बऱ्याच मोठ्या मशिनांत ती असते, फक्त बंद ठेवलेली असते. एक लक्षात ठेवा: काही मशिनांत एन्क्रिप्शन चालू करताना डिस्क फॉरमॅट होते, तेव्हा ॲड्रेस बुक आधी एक्सपोर्ट करून घ्या.

रावपुरावाली

आणि मशीनवाला या अटीला नाही म्हणाला तर?

टोनरबंधू

तर नवीन डिस्कची किंमत भरून जुनी ठेवून घ्या, त्याला आक्षेप नसतो. त्यालाही नाही म्हणाला तर मार्चच्या आधी दुसऱ्या दोघांकडून कोटेशन मागवा आणि त्यात ही अट पहिल्याच ओळीत टाका.

निवृत्त_बँकवाला

आणि ती कोटेशनं लेखी घ्या हो.